मायच्या अंगठ्याचा कागद

मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे झालं ते त्याच्यावरच झालं. तिला मराठी यायची, कानडी यायची, आळंदच्या बाजारात बागवानाशी घासाघीस करण्यापुरती हिंदी यायची. पण अक्षर म्हटलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. स्टँडवर उभ्या गाडीची पाटी तिला कुणाला तरी विचारावी लागायची. मी शाळेत जायला लागल्यापासून घरातलं पत्र, रेशनचा कागद, औषधाच्या बाटलीवरचं नाव, सगळं माझ्याकडं यायचं. मी वाचेन ते खरं. तिनं कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

निंबर्ग्यापासून दोन कोसांवर, गुलबर्ग्याकडच्या कानडी मुलखात आमचं गाव. आम्ही धनगर. आजा मेंढरं घेऊन चार-चार महिने फिरायचा. अप्पाच्या वाट्याला आली तेव्हा वीसेक मेंढरं उरली होती, तीन एकर तुरीचं रान आणि घोंगड्यांचा माग. माग घराला लागूनच्या बुटक्या खोलीत होता. सकाळी अप्पा मागावर बसला की धप्, धप् असा आवाज सुरू व्हायचा आणि त्याच वेळी चुलीपुढं माय भाकरी थापायची. दोन्ही आवाज एकात एक मिसळायचे. खोलीत घोंगड्यांना लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास कायमचा भरलेला असायचा. त्या वासाला बाहेरचे लोक नाक मुरडत. मला अजूनही कुठं चिंचोका भाजल्याचा वास आला की भूक लागते. अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, एवढंच आमचं जेवण. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. आम्ही दोघी बहिणी. अक्का, म्हणजे कमळा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. हुग्गीत गूळ जास्त की कमी यावरून ती मायशी भांडायची आणि शेवटी स्वतःच्या हातानं मूठभर टाकायची.

अक्काचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आमच्याकडं मामाची मुलगी आत्याच्या घरी द्यायची रीतच आहे. आत्या म्हणजे गंगव्वा, अप्पाची धाकटी बहीण, बसवकल्याणकडं, कोहिनूर गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा शिवण्णा. तो निम्मा आमच्याच घरी वाढला. अप्पानं त्याला मेंढरांमागं नेलं, कातरणी धरायला शिकवलं, बिरोबाच्या जत्रेत खांद्यावर बसवून फिरवलं. लग्नानंतर मी त्याला दाजी म्हणायला लागले. मला सायकल त्यानंच शिकवली. गावाबाहेरच्या पांदीत तो सायकलचं सीट धरून पळायचा आणि सोडल्यावरही "धरलोय, धरलोय" म्हणून ओरडत राहायचा. तो चांगला माणूस होता असं लिहायला माझा हात आजही अडतो, पण तेव्हा आम्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं, आणि खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय.

त्या वर्षांत आमच्या भागातली तरुण माणसं पुण्या-मुंबईकडं निघाली होती. नव्या इमारती उठत होत्या, सेंट्रिंगच्या कामाला माणसं कमी पडत होती. दाजीही पुण्याला गेला. अक्का आणि तिची मुलं, मोठा बिरू आणि धाकटी गौरा, आत्याजवळ राहिली. दोन वर्षं तो येत-जात राहिला. मग काम सोडून कायमचा परत आला. त्याला कुणी काय सांगितलं होतं ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. तो अक्कावर संशय घ्यायला लागला. विहिरीवर किती वेळ लागला, दळण आणताना कुणाशी बोललीस, असं मोजून विचारायचा. त्या दिवाळीला अक्का मुलांना घेऊन माहेरी आली आणि पंधरा दिवस राहिली. मी बारावीला होते. एका दुपारी ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "सुशे, तू तरी मायला सांग की. मला परत जायला भ्या वाटायलंय." मी पुस्तकातून डोकं न काढता म्हटलं, "तूच सांग. माझी परीक्षा हाय." चार दिवसांनी दाजी न्यायला आला. हसतखेळत जेवला. अप्पा त्यांना बसपर्यंत सोडून आला.

पुढच्या महिन्यात एका बुधवारी आत्या गौराला कडेवर घेऊन बसवकल्याणच्या बाजाराला गेली होती. परत आली तेव्हा अक्का आणि बिरू दोघंही गेलेले होते. कुऱ्हाड दारातच पडली होती आणि दाजी उंबऱ्यावर बसून होता. पळाला नाही. आत्यानंच आरडाओरडा करून माणसं गोळा केली, तिनंच पोलिसांना नाव सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा दोघांना एका सतरंजीखाली ठेवलं होतं. बिरू सहा वर्षांचा होता. सतरंजीखाली तो एवढासा दिसत होता की मला वाटलं, हा दुसराच कुणीतरी असेल. मी सतरंजी उचलून बघितली. बघायला नको होतं. त्यानंतरचं काय बोलायचं ते मला आजही सुचत नाही, म्हणून तिथंच सोडते.

गौरा आमच्या घरी आली. तीन वर्षांची होती. सुरुवातीला ती मायलाच "आई" म्हणायची, मायनं तिला "आज्जी" म्हणायला शिकवलं.

खटला बीदरला चालला. अप्पानं साक्ष दिली. आत्यानंही दिली, पोटच्या पोराविरुद्ध. निकालाच्या दिवशी मी अप्पाबरोबर होते. न्यायाधीश कानडीत वाचत होते. बरंचसं मला समजलं नाही, पण "गल्लु" हा शब्द आला आणि अप्पानं माझा हात घट्ट धरला. कानडीत फाशीला गल्लु म्हणतात. दाजीनं मान वर केली आणि अप्पाकडं बघून हात जोडले. अप्पानं तोंड फिरवलं. बाहेर आल्यावर कोर्टाच्या आवारातल्या नळावर त्यानं तोंड धुतलं, पागोटं सोडून पुन्हा बांधलं आणि म्हणाला, "ज्या खांद्यावर त्याला नाचवलो, त्याच खांद्यावर माझी लेक नेलो. झालं ते बरं झालं." घरी आल्यावर थेट मागावर बसला.

त्यानंतर मी गुलबर्ग्याला बी.ए.ला गेले. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मी पहिलीच. हॉस्टेलात माझी हकिगत कुणाला माहीत नव्हती, आणि मला ते बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षी कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठरली. विषय होता, फाशीची शिक्षा रद्द करावी. मी विरोधात नाव दिलं. माझ्यासमोर हुमनाबादचा एक सडपातळ मुलगा होता, पुढं वकील व्हायचं म्हणणारा. तो शांतपणे बोलला. म्हणाला, कोर्टही माणसांचंच असतं आणि माणसं चुकतात. एखादा निरपराध लटकवला गेला तर त्याला परत कुठून आणणार? म्हणाला, ज्याच्याकडं चांगला वकील नाही तोच शेवटी दोरापर्यंत पोचतो. म्हणाला, सरकारनं मारलं म्हणून मारणं चांगलं होत नाही. मी उठले आणि विचारलं, "कुऱ्हाडीनं मेलेल्या बाईला कुठलं कोर्ट परत आणणार आहे?" मग मी अक्काची गोष्ट सांगितली, माझी बहीण न म्हणता, "एका खेड्यातली एक बाई" म्हणून. सतरंजीपाशी आले तेव्हा थांबले. कुठं थांबायचं ते मी आदल्या दिवशी आरशासमोर ठरवून ठेवलं होतं. सभागृहात टाळ्या पडल्या. मला पहिलं बक्षीस मिळालं. आज मला त्या टाळ्यांची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. तेव्हा मला वाटलं, मी अक्कासाठी काहीतरी केलं.

बेंगळूरच्या कोर्टानं फाशी कायम केली. दाजीला बेळगावच्या तुरुंगात नेलं होतं. आता दिल्लीला अपील राहिलं होतं आणि तेही फेटाळलं तर राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज. एवढं मला पेपर वाचून माहीत होतं. घरी मात्र कुणी त्याचं नाव काढत नव्हतं.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आले होते तेव्हा आत्या आली. खून झाल्यापासून ती आमच्याकडं आली नव्हती. सकाळच्या गाडीनं आली आणि अंगणात लिंबाखाली बसली. घरात आली नाही. अप्पानं तिला बघितलं, मेंढरं सोडली आणि रानात निघून गेला. ती "अण्णा" म्हणाली, त्यानं मागं वळून बघितलं नाही. माय आत-बाहेर करत राहिली, पण तिच्याकडं न बघता. गौरा मात्र दारात उभी राहून तिच्याकडं टक लावून बघत होती. तिला आत्या ओळखू येत नव्हती. सावली सरकत गेली तशी आत्या सरकत गेली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा माय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि तिच्यापुढं ठेवून स्वतःही खाली बसली.

"कामून आलीस, गंगव्वा?"

आत्या पाणी प्याली नाही. म्हणाली, "वैनी, त्याला सोडा म्हणायला मी आले न्हाई. त्याला तिथंच सडू दे. पर दोर नगं. वकील म्हणालाय, पोरीची आई लिहून दिली तर दिल्लीत कोन तरी वाचंल."

"आन् मी कामून लिहून देऊ?"

"तुम्ही देऊ नगा म्हणलात तर मी उठते. मी त्याची आई हाय म्हणून आले. दुसरं कायबी कारण न्हाई माझ्याकडं."

माय उठून आत गेली, भाकरी आणि वरण एका ताटात घेऊन आली. आत्या जेवली. दुपारच्या गाडीनं आत्या निघून गेली. जाताना तिनं कागदाचा एक कपटा दिला, त्यावर बीदरच्या वकिलाचं नाव आणि पत्ता होता. तो मायनं माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी अप्पा रानात गेल्यावर माय म्हणाली, "सुशे, कागद घे. मी सांगते ते लिव्ह."

मला कळलं आणि मी संतापले. मी म्हटलं, "तू वेडी झालीस का? तुझ्या लेकीला मारलं त्यानं. बिरूला मारलं. आत्यानं रडून दाखवलं आन् तू भुललीस?"

"ती रडली न्हाई," माय म्हणाली.

"मग?"

"मी सांगते. आधी ऐक, मग लिव्ह." आणि तिनं मला जे सांगितलं ते तिनं कधी कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीला आलेली अक्का तिच्याजवळ रडली होती. "ती म्हणली, माय, तो मला मारून टाकंल. मी म्हणले, नवरा-बायकोत असं व्हतच असतंय. मी म्हणले, लोक काय म्हणतील, धाकटीचं लगीन व्हायचंय अजून. तिचं गाठोडं मीच बांधून दिले. तू सांग आता, कुनाकुनाला फाशी द्यायची? त्याला देतील. मला कोन देनार?"

मी म्हटलं, "तू कुऱ्हाड मारली नाहीस."

"न्हाई मारली. पर पाठवले मीच." मग ती गौराकडं बघून म्हणाली, "ही उद्या मोठी व्हईल. इचारंल, माझ्या बापाला कोन मारलं. सरकारनं, असं म्हणता येतंय. पर हा कागद मागितला म्हणजे आपल्याला इचारलंच न्हवं? इचारलं तर मी व्हय म्हणणार न्हाई. एवढंच लिव्ह."

मी वही घेतली. इथं मला नीट सांगायला पाहिजे, कारण मी कितीतरी वर्षं स्वतःलाही ते नीट सांगितलेलं नाही. माझ्या मनात त्या वेळी दाजीचा राग नव्हता, मायचा होता. मला वाटलं, ही त्याच्यासाठी माफी मागत नाहीये, स्वतःसाठी मागतेय. स्वतःची चूक हलकी व्हावी म्हणून ही अक्काचं रक्त सोडून द्यायला निघालीय. आणि अक्कानं मलाही सांगितलं होतं, मीही ऐकलं नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवत होतं आणि आठवायचं नव्हतं. पेन माझ्या हातात होतं. माय सांगत गेली, "मी कमळाची आई. माझी लेक गेली, नातू गेला. त्याला मारू नका. त्याला जिता ठेवा." मी लिहीत गेले, "मी कमळाची आई. माझी लेक आणि नातू यांना ज्यानं मारलं त्याला दया दाखवू नये. त्याला फाशीच व्हावी, अशी माझी कोर्टाला विनंती आहे."

"वाच," माय म्हणाली.

मी वाचून दाखवलं. तिनं सांगितलेलं, शब्द न शब्द. कागद डोळ्यांसमोर धरून मी तिला तिचंच बोलणं ऐकवलं आणि तिनं मान हलवली. शाईची डबी नव्हती. तिनं तव्याच्या काजळीत तेल कालवलं, अंगठा बुडवला आणि मी दाखवलं तिथं दाबला. मग पदरानं अंगठा पुसत म्हणाली, "तुझं अक्षर लई चांगलं हाय."

संध्याकाळी अप्पा जेवायला बसला तेव्हा तिनं त्याला स्वतःहून सांगितलं. लपवलं नाही. "मी शिवाला फाशी नगं म्हणून अंगठा दिले." अप्पाच्या हातात घास होता. तो त्यानं ताटात ठेवला. "कुनाला इचारून?" माय म्हणाली, "कमळाला." अप्पा उठला, हात धुतले आणि मागाच्या खोलीत गेला. त्या दिवशी मी तिथंच होते. दोघांच्या मधोमध बसले होते. अप्पा, कागदात तसं लिहिलेलं नाही, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते मायसमोर म्हणावं लागलं असतं. मी म्हटलं नाही.

सुट्टी संपल्यावर गुलबर्ग्याला जाताना मी आधी बीदरला गेले. वकील वयस्कर होते, सरकारनं दिलेले, फी न घेणारे. ऑफिसात पंखा बंद होता आणि ते घाम पुसत कुणाचा तरी दावा वाचत होते. मी कागद दिला. त्यांनी एकदा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"तुमच्या मायला लिहिता येतं?"

"न्हाई."

"वाचता?"

"न्हाई."

मग त्यांनी घडी घालून कागद माझ्यापुढं सरकवला. "मी त्याचा वकील आहे. हे मी दाखल करू शकत नाही. आणि हे तुमच्या मायचं म्हणणं आहे असंही मला वाटत नाही. गंगव्वाबाई मला वेगळं सांगून गेल्या होत्या." ते आवाज खाली आणून म्हणाले, "कागद दिल्लीला पाठवायला अजून वीस दिवस आहेत. घरी जा, मायला विचारून पुन्हा लिहून आणा. मी कुणाला काही सांगणार नाही."

बसस्टँडच्या गटारीत मी त्या कागदाचे तुकडे टाकले आणि गुलबर्ग्याच्या गाडीत बसले. वीस दिवस होते. रोज सकाळी वाटायचं, आज जावं. पंधराव्या दिवशी मी स्टँडपर्यंत गेलेही होते. आळंदची गाडी लागली होती, मी चढले नाही. विसावा दिवस गेला. एकविसाव्या दिवशी मला हलकं वाटलं, हेही खरं आहे. मायला मी निरोप पाठवला होता, कागद दिला म्हणून.

पुढं पावसाळा गेला, सुगी गेली. रेडिओवर कुठल्या तरी कैद्याची बातमी लागली की मी उठून बाहेर जायचे. आता मला त्याला फाशी व्हावी असं वाटत होतं की होऊ नये, हे मला खरंच सांगता येत नव्हतं. स्टेजवर चढून मी ज्या गोष्टीसाठी टाळ्या घेतल्या होत्या तीच गोष्ट आता होणार होती, आणि पहाटे जाग आली की मला पांदीतला तो आवाज ऐकू यायचा, धरलोय, धरलोय. हुमनाबादचा तो मुलगा एकदा वाचनालयात भेटला. म्हणाला, "तुम्ही छान बोलला होता. पण ज्याला फाशी द्यायची त्याला तुम्ही कधी ओळखत होता का?" त्यानं सहज विचारलं होतं. मी पुस्तक परत करून निघून आले.

शेवटी दिल्लीच्या कोर्टानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली. पहिला गुन्हा, पळून न जाता पोलिसांच्या हवाली होणं, तुरुंगातली वागणूक, अशी कारणं होती, असं नंतर कळलं. मायच्या कागदाचा त्यात संबंध नव्हता, असणारच नव्हता. पण आत्यानं निरोप पाठवला तेव्हा माय अंगणात बसून होती, तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "पोचला म्हणायचा माझा कागद."

अप्पा तोपर्यंत मागाच्या खोलीत राहायला गेला होताच. मला वाटलं होतं, चार-आठ दिवस राग राहील. निकाल कळला त्या दिवशी त्यानं खोलीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि स्वतःची भाकरी स्वतः थापायला लागला. आमच्या गावात पुरुषानं भाकरी थापणं ही केवढी गोष्ट होती, ते आता सांगून कळणार नाही. बाया अंगणाशी येऊन ऐकायच्या. इकडं मायचा हात चालायचा, भरभर, एका तालात. भिंतीपलीकडं अप्पाचा थबकत, चुकत, मधेच भाकरी तुटल्यावर शिवी. माय रोज त्याचं ताट वाढून दारात ठेवायची आणि दुपारी ते कुत्र्याला घालायची. गावात लोक तिला "लेकीच्या खुन्याला वाचवणारी" म्हणाले. तिच्या स्वतःच्या भावानं जाणं-येणं सोडलं. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. तिला वाटायचं, केलंय तर सोसायचं. आणि जे तिनं केलं असं सगळे समजत होते, ते झालंच नव्हतं.

मी बी.एड. केलं, उदगीरच्या एका शाळेत लागले, लग्न झालं. सुट्टीत गावी आले की भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन चुली. पुढं पुढं अप्पाची भाकरी न तुटता यायला लागली. मग दोन्हीकडचा आवाज सारखाच यायला लागला. डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठं आहे ते ओळखू यायचं नाही. कितीदा तरी मी अप्पाजवळ जाऊन बसले, सांगायचं म्हणून. तो विचारायचा, "शाळा कशी चाललीय?" मी सांगायचे, चांगली. तो आजारी पडला तेव्हा मायनं पेज करून नेली. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. गौरानं नेली तेव्हा घेतली. तसाच गेला. त्याला आमच्या रीतीप्रमाणं रानात, बांधाकडेला पुरलं.

अप्पा गेल्यावर दोन वर्षांनी दाजी सुटला. आत्या तोवर वारली होती. गौरा लातूरला नर्स झाली होती. मी तिला फोनवर विचारलं, भेटणार का. ती म्हणाली, "मला त्याचं तोंड बघायचं न्हाई, मावशी. पण तो हाय कुठंतरी. म्हणून मला त्याचा राग तरी करता येतोय. मेला असता तर मी राग कुणावर काढले असते? आज्जीवर?" ती अजूनही त्याला भेटलेली नाही. त्यानं दोनदा पत्र पाठवलं. तिनं ती न उघडता ठेवली आहेत, फाडलेली नाहीत.

तो आमच्या गावी मात्र आला. मी तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत मायजवळ होते. दात पडलेले, पाठीत वाकलेला. मी त्याला ओळखलं नाही. तो अंगणात आला आणि मायच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "मामी, तुमच्या कागदानं मी वाचलो." मायनं पाय मागं ओढले. "तुझ्यासाठी दिले न्हाई मी तो," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "त्याला पाणी दे." मी दिलं. तो पाणी पिऊन निघून गेला. माझ्याकडं त्यानं एकदाही मान वर करून बघितलं नाही आणि मीही त्याला काही विचारलं नाही.

आजही कुठं मोठा खटला झाला की शिक्षकांच्या खोलीत वाद रंगतो. फाशी ठेवावी की नाही. दोन्ही बाजूंचं सगळं मला पाठ आहे. मी बोलत नाही. फार आग्रह झाला तर नसावी म्हणते. का, ते सांगत नाही. एकेकाळी एक माणूस मरावा म्हणून मी माझ्या आईचा अंगठा वापरला होता, आणि ते कुणाला कळलंही नाही इतकं ते सोपं होतं, हे चहा पिता पिता कसं सांगायचं?

त्या दिवशी दाजी पाणी पिऊन निघून गेल्यावर माय शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. सगळं. काय लिहिलं, काय वाचून दाखवलं, वकील काय म्हणाले, गटार, वीस दिवस. ती शेंगा फोडत राहिली. मी थांबले तेव्हा तिनं विचारलं, "मग त्याला कोन वाचवलं?"

"कोर्टानंच. तुझ्या कागदाविनाच."

"म्हणजे मी कायच केले न्हाई?"

"न्हाई."

तिचे हात थांबले. मला वाटलं, आता मारेल. मारावं असं वाटत होतं. पण ती माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाली, "हे तुझ्या अप्पाला सांगायची होतीस की, सुशे."

मी म्हटलं, "व्हय."

ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "चल रानात." पंचाहत्तरी उलटलेली बाई, गुडघे गेलेले. थांबत थांबत आम्ही पोचलो. तुरीची काटकं काढून नेलेलं मोकळं रान होतं. अप्पाला जिथं पुरलं होतं तिथं ती बसली. मी दहा पावलं लांब उभी राहिले. तिनं पदर सावरला आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा मोठ्या आवाजात बोलायला लागली. "ऐकलात का? कागद गेलाच न्हवता. पोरगी उलटं लिवली होती. तुम्ही म्हणत व्हता तसंच लिवली होती. मला बी आजच कळलं." एवढं बोलून ती गप्प राहिली, कुणी उत्तर देईल म्हणून वाट बघावी तशी. बांधावर कुणाची तरी मेंढरं चरत होती. मग ती हात टेकून उठली आणि म्हणाली, "चल."

येताना मी तिच्या शेजारून चालत होते. वाटेत तीन बांध लागतात. प्रत्येक बांधाला मी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. बसून, जमिनीला हात टेकवून, ती एकेक बांध स्वतःच उतरली.